काटा कुणाच्या हातात?



पनवेल तालुक्यात युवकांचा मेळावा भरला की त्यातले भाषण आधीच ठरलेले असते. पाहुण्यांचा सत्कार होतो, नारळ-शाल होते आणि मग पाहुणे सांगू लागतात, "पोरांनो, नोकरीच्या मागे लागू नका. दहा जण एकत्र या, गट करा. शेळ्या पाळा, कोंबड्या पाळा, दुधाचा धंदा करा. शासनाची योजना आहे, निम्मे अनुदान आहे." टाळ्या पडतात. पाहुणे गाडीत बसून पुढच्या मेळाव्याला जातात. त्यांची स्वतःची पोरे किती शेळ्या पाळतात, हे त्यांना कुणी विचारत नाही.

आम्ही विचारतो आहोत. जनावरे पाळण्याला आमचा विरोध नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी भाताच्या जोडीला दोन शेळ्या आणि चार कोंबड्या ठेवल्या म्हणून आमच्या आधीच्या पिढ्या जगल्या. आमचा विरोध आहे तो 'गट' या शब्दाच्या लबाड वापराला. पोरांनी एकत्र येऊन शेण काढावे, एकत्र येऊन कर्ज काढावे, एकत्र येऊन बँकेत जामीन राहावे, हे सगळे सांगितले जाते. एकत्र येऊन भाव ठरवावा, हे मात्र कुणी सांगत नाही. गटाचा खरा उपयोग तिथेच आहे, आणि नेमका तेवढाच भाषणातून गळतो.

योजना जुनीच, पाटी नवी

तरुण मित्रांना वाटते, हे काहीतरी नवीन आहे. ज्यांचे केस पिकले त्यांना विचारा. १९७९ साली ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी 'ट्रायसेम' आली. त्याच सुमारास एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम आला आणि गावोगाव म्हशी-शेळ्या वाटल्या गेल्या. त्या काळात एकच म्हैस चार लाभार्थ्यांच्या दावणीला बांधून चार वेळा कशी दाखवली जाई आणि विम्यासाठी कानातला बिल्ला कसा उपयोगी पडे, याच्या गोष्टी अजून पारावर रंगतात. म्हैस विकली गेली, कर्ज राहिले, आणि 'शेतकरीच चोर' असा शेरा मारून साहेब बदलीवर गेले.

१९९९ साली या दोन्ही योजना गुंडाळून स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजना आली. आता एकट्यादुकट्याला नाही, गटाला कर्ज मिळेल, असे ठरले. २०११ पासून तीच गाडी राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान या नावाने धावू लागली. आपल्याकडे तिला 'उमेद' म्हणतात. २०२१ साली राष्ट्रीय पशुधन अभियान नव्या रूपात आले. त्यात शेळी-मेंढीच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत आणि गावठी कोंबड्यांची पिल्ले उबवण्याच्या प्रकल्पाला २५ लाखांपर्यंत, भांडवली खर्चाच्या निम्मे अनुदान आहे. उरलेले निम्मे बँकेकडून आणा किंवा घरातून घाला.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पाटी अनेकदा बदलली. पण प्रत्येक योजनेचा पैसा जनावर विकत घेण्यात आणि शेड बांधण्यात जातो. म्हणजे जनावर विकणाऱ्याचा, पत्रे विकणाऱ्याचा आणि बँकेचा धंदा पहिल्या दिवशीच होतो. पाळणाऱ्याचा धंदा व्हायचा तो वर्षा-दीड वर्षाने, जनावर किंवा दूध विकताना. त्या दिवशी भाव कोण ठरवणार, याचे उत्तर यातल्या एकाही योजनेने दिलेले नाही.

शेड आपले, कोंबडी परक्याची

रायगड जिल्ह्यात तरुणांचा सर्वांत मोठा पशुधंदा कोणता, तर करार पद्धतीची पोल्ट्री. पनवेल, खालापूर, कर्जत कुठेही जा, माळावर लांबलचक शेडे दिसतात. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी, तूस आणि अंगमेहनत पोराची. माल भरला की कंपनीची गाडी येते, कोंबडी उचलते आणि किलोमागे ठरलेला संगोपन दर हातावर ठेवते. बाजारात कोंबडी कोणत्या भावाने विकली गेली, याच्याशी पोराचा संबंध नाही.

हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. ज्याचे त्याने आपले आकडे घालावेत. समजा ५,००० पिल्लांची बॅच आहे. शंभरात ५ मेली, ४,७५० राहिली. सरासरी वजन २ किलो, म्हणजे माल ९,५०० किलो. किलोला साडेसहा रुपये धरले तर हाती आले ६१,७५० रुपये. तूस, वीज, पिल्लांना ऊब देण्याचा खर्च, साफसफाई, मजुरी मिळून २५,००० गेले. राहिले ३६,७५०. शेडसाठी १० लाखांचे कर्ज ७ वर्षांसाठी काढले असेल तर हप्ता महिन्याला १७,००० च्या आसपास बसतो. बॅच बेचाळीस दिवसांची, मध्ये शेड धुऊन रिकामे ठेवायचे दिवस धरले की दोन महिने गेले. हप्ते झाले ३४,०००. शिल्लक २,७५० रुपये. दोन महिने नवरा-बायकोने रात्रीच्या वेळीही उठून पंखे आणि पाणी पाहिले, त्याची ही मजुरी.

आणि हा सगळे सुरळीत चालल्याचा हिशेब आहे. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की शेडमध्ये कोंबड्या पटापट मान टाकतात. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीमुळे करोना होतो ही अफवा उठली आणि बाजार झोपला. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा ते आपल्यापासून लांब वाटले. २०२५ च्या जानेवारीत तो शेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरला आला. असा रोग आला की कोंबड्या मारून पुरतात आणि काही महिने शेड भरता येत नाही. नुकसानभरपाई कोंबडीच्या मालकाची. कोंबडीचा मालक कोण? आणि रिकाम्या शेडचा हप्ता कोण भरणार? आपल्या करारात याबद्दल काय लिहिले आहे, हे आधी पाहा.

या धंद्यात काम करणारा पोर उद्योजक नव्हे, तो स्वतःच्या जागेत, स्वतःच्या कर्जावर परक्याची कोंबडी राखणारा राखणदार आहे. एक राखणदार कंपनीशी घासाघीस करू शकत नाही. त्याने तोंड उघडले की पुढची बॅच लांबते. एका पट्ट्यातली दीडशे शेडे एकाच दिवशी 'दर वाढल्याशिवाय पिल्ले उतरवणार नाही' असे म्हणाली तर कंपनीला बोलणी करावी लागतील. असा गट करा म्हणून कोणता पाहुणा सांगतो?

आमचा फसलेला गट

आमचे हात स्वच्छ आहेत असा आव आम्ही आणत नाही. आमच्यातल्याच अकरा जणांनी पूर्वी शेळ्यांचा गट केला होता. सगळ्यांच्या शेळ्या एका शेडमध्ये बांधल्या, पाळ्या लावल्या, वहीत सह्या केल्या. पहिला पावसाळा येईपर्यंत सारे गोडीगुलाबीने चालले. शेळ्या आणल्या होत्या कोरड्या मुलखातून. पनवेलचा पाऊस त्यांना कुठून सोसणार? खूर सडले, जंत झाले, करडे गारठून मेली. ज्याच्या पाळीला शेळी मेली त्याच्यावर बाकीचे दहा तुटून पडले. कुणाची पाळी चुकली, कुणी पेंड घरी नेली, कुणाच्या बायकोने सगळे शेण काढले आणि सही मात्र नवऱ्याची, यावरून भांडणे झाली. उरलेल्या शेळ्या एका व्यापाऱ्याने नजरेवर उक्त्या घेतल्या आणि गट मोडला. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, तसे मग लोक म्हणू लागले, 'या पोरांच्यात दमच नाही.'

दम कमी नव्हता, आमची आखणी उलटी होती. जनावराला मालकाचा डोळा लागतो. त्याला पाहणारे अकरा असले की खरा पाहणारा एकही नसतो. म्हणून पाळणे घरोघर हवे. विकायच्या दिवशी मात्र एकेकटा माणूस व्यापाऱ्यापुढे लाचार असतो. तिथे अकरा जण हवेत. आम्ही पाळण्यासाठी एकत्र आलो आणि विकायच्या वेळी एकेकटे पडलो.

खेडा जिल्ह्याने काय केले?

हे शहाणपण आमच्या डोक्यातून निघालेले नाही. १९४५ साली मुंबई सरकारने मुंबईला दूध पुरवण्याची योजना आखली आणि गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याचे दूध गोळा करण्याचा मक्ता पोल्सन कंपनीला मिळाला. मुंबईत दुधाला दाम होता, शेतकऱ्याच्या हाती तो येत नव्हता. १९४६ साली खेड्याच्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस मुंबईला दूधच पाठवले नाही. सरकार नमले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा संघ नोंदला गेला. १९४८ साली कामाला सुरुवात झाली तेव्हा दोन सोसायट्या होत्या आणि दिवसाला दूध होते अडीचशे लिटर. पुढे जगाने त्याला 'अमूल' म्हणून ओळखले.

नीट पाहा, त्यांनी म्हशी एका गोठ्यात बांधल्या नाहीत. म्हैस ज्याच्या-त्याच्या दारात राहिली. एकत्र केले ते दुधाचे माप, दुधाचा पैसा आणि गिऱ्हाइकाशी बोलणे. आणि सुरुवात अनुदानाच्या अर्जाने नव्हे, दूध रोखण्याने झाली.

आणंदहून मुंबई चारशे किलोमीटरवर आहे. कोल्हापूरचे दूधही घाट उतरून नवी मुंबईत येते आणि पनवेलच्या दुकानांतून पिशवीने विकले जाते. मुंबईच्या वेशीवर असलेला पनवेलचा तरुण मात्र ती पिशवी विकत घेतो. कारण दूध उभे करणारे, मोजणारे, विकणारे शेतकऱ्यांचे संघटन कोकणात कधी नीट उभेच राहिले नाही.

तीस किलोमीटरवरचा बाजार

शेळीचेही तेच. देवनारचा बाजार पनवेलहून सुमारे तीस किलोमीटरवर. बकरी ईदच्या आधी तिथे लाखाहून अधिक बकरे उतरतात आणि ते येतात राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, उत्तर प्रदेशातून. हजार-बाराशे किलोमीटर प्रवास करून आलेल्या बकऱ्याचा व्यापार जमतो आणि नेऱ्याच्या, मालडुंग्याच्या, धोदाणीच्या ठाकर बाईचा बोकड दारात येणाऱ्या दलालाला नजरेवर जातो. का? कारण तिच्याकडे एक किंवा दोन बोकड असतात. दोन बोकडांसाठी गाडी परवडत नाही. वीस घरांचे साठ बोकड एका दिवशी निघाले तर परवडते.

इथे काटा येतो. दलाल बोकडाच्या पाठीवर हात फिरवतो आणि म्हणतो, 'बावीस किलो.' काट्यावर तो सव्वीस भरतो. जिवंत वजनाला किलोमागे ४०० रुपये धरले तर त्या हात फिरवण्याची किंमत झाली १,६०० रुपये. शंभर बोकडांमागे १,६०,०००. एवढे अनुदान कोणता साहेब दर वर्षी, बिनअर्जाचे देतो? आणि काटा येतो एक-दोन बोकडांच्या किमतीत.

दुसरी गोष्ट वेळेची. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ साली ती ७ जूनला झाली. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा आणि बिनखोडीचा लागतो. शेळी पाच महिने गाभण राहते. म्हणजे कोणत्या ईदेसाठी शेळी कधी लावायची, याचे गणित दीड वर्ष आधी मांडता येते. वीस घरांनी मिळून ते मांडले तर साठ बोकड एका वेळी तयार होतात. पावसाला मानवणारी जात घ्या; सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ कोकणातच वाढलेली आहे. जमिनीपासून वर माचाण करा, पावसाआधी जंतांचे औषध द्या, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस टोचा. अकरा जणांच्या फसलेल्या गटाने शिकलेले हे धडे आहेत, फुकट घ्या.

सरकारने काय करावे? आड येऊ नये

सरकारकडे आम्हाला शेळी मागायची नाही. शेळी आम्ही आणू. आमच्या वाटेतले दगड तेवढे बाजूला करा.

पहिला दगड चराईचा. सिडको आली, कारखाने आले, बंदर आले, आता विमानतळ आले. भातखाचरे गेली तशी गुरे चारायची रानेही गेली. २०१३ पासून 'नैना'च्या नकाशात गेलेल्या गावांत बांधकामाच्या परवानगीसाठी सिडकोकडे जावे लागते. तरुणाला शेळीपालनाचा उपदेश करणारे हेच, आणि शेळीचे रान नकाशात पुसणारेही हेच.

दुसरा दगड विकण्याच्या बंदीचा. गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा विधिमंडळाने १९९५ साली केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २०१५ साली तो लागू झाला. गाईला आधीच बंदी होती, आता बैल आणि वळूही गेले. भाकड गाय आणि म्हातारा बैल दावणीला खातो, त्याचा चारा कायदा करणारे देत नाहीत. शेवटी विकता येत नाही ते जनावर घेताना हजारदा विचार करावा लागतो. आम्ही कुणाच्या श्रद्धेची टिंगल करत नाही. श्रद्धेचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर टाकू नका, एवढेच म्हणतो. दुधाच्या धंद्यात उतरणाऱ्या पोरांनी हा खर्च आधी मांडावा.

तिसरा दगड नवा आहे. विमानतळापासून १० किलोमीटरच्या घेऱ्यात पक्षी गोळा होतील अशा रीतीने जनावर कापणे, आतडी-पिसे टाकणे याला विमान नियमांची मनाई आहे. पनवेल शहर या घेऱ्यात येते. नियम प्रवाशांच्या जिवासाठी आहे, तो पाळलाच पाहिजे. पण २०२५ च्या डिसेंबरात विमाने उडू लागली. आता कारवाईचा बडगा कुणावर पडणार? रस्त्याकडेच्या छोट्या कोंबडीवाल्यावर आणि त्याला माल देणाऱ्या पोरावर. स्वच्छ, बंदिस्त कत्तलीची आणि कचऱ्याची सोय आधी उभी करा, ती चालवण्याचा हक्क उत्पादकांच्या गटाला द्या, मग दंडाची पावती फाडा.

एक गोष्ट चांगली झाली तीही सांगतो. २०२५ च्या जुलैमध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला शेतीचा दर्जा द्यायचे ठरवले. २५,००० मांसल कोंबड्या, १०० दुभती जनावरे, ५०० शेळ्या-मेंढ्यांपर्यंतच्या धंद्याला शेतीच्या दराने वीज आणि शेतीच्या व्याजाने कर्ज देण्याची ती घोषणा आहे. ही भीक नाही, आमच्यावर होणारा अन्याय थोडा कमी झाला इतकेच. ती तुमच्या वीजबिलात आणि बँकेच्या पासबुकात उतरली का, हे प्रत्येकाने तपासावे.

चौऱ्याऐंशीचा गट

गट म्हणजे काय, हे पनवेल-उरणच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या रस्त्यावर उतरलेले हजारो शेतकरी हा गट होता. त्यातल्या पाच जणांनी गोळ्या झेलल्या. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. त्यांनी योजनेचा फॉर्म भरला नव्हता. सरकार म्हणेल त्या भावाने द्यायचे नाही, एवढे एकच त्यांनी ठरवले होते.

जमिनीला भाव मिळवणारी ती माणसे आपलीच बापजादी होती. जमिनीचे पैसे आले आणि बऱ्याच घरांतून गेलेही. बंगले झाले, गाड्या झाल्या, लग्ने झाली. ज्या पोरांच्या वाट्याला आज ना जमीन आली ना नोकरी, त्यांना तुकडाभर जागेत करता येण्यासारखा धंदा म्हणजे जनावरांचा. तोही दलालाच्या नजरेवर आणि कंपनीच्या दरावर गेला तर त्यांच्याकडे विकायला काही उरणार नाही.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने चार गोष्टी कराव्यात.

एक, गावातल्या प्रत्येक पोल्ट्रीवाल्याने मागच्या तीन बॅचचा हिशेब आणि आपला करारनामा आणावा. कुणाला किती दर मिळाला, ते बैठकीत सर्वांसमोर वाचले जाईल.

दोन, शेळ्या असलेल्या घरांची यादी करावी आणि यादीत नाव शेळी सांभाळणाऱ्या बाईचे घालावे. पैसाही तिच्याच खात्यावर जाईल.

तीन, दहा घरांमागे एक काटा वर्गणीतून घ्यावा. काट्यावर चढल्याशिवाय बोकड गावाबाहेर जाणार नाही, असा ठराव करावा.

चार, नोंदणीची घाई करू नये. २००२ च्या कायद्याने दहा उत्पादकांना आपली कंपनी काढता येते; एका सभासदाला एक मत. पण आधी एक हंगाम माल एकत्र विकून दाखवा, मग कागद करा. कागद आधी आणि माल नंतर असे गट कपाटात पडून आहेत.

आणि पुढच्या मेळाव्यात पाहुणे 'गट करा' म्हणाले की मागच्या रांगेतून कुणीतरी उभे राहून विचारावे, "साहेब, गट केला. आता काटा कुणाच्या हातात राहील ते सांगा."